१५ मे : वामनदादांच्या गाण्यांची बैठक

सर्व सभासदांस,

लोककवी वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्या स्मृतिदिनी, १५ मे रोजी, संध्याकाळी ६ वाजता नेहमीच्या जागी बैठक आहे. वादकांनी ५ला यावे.

स्वर (पेटीची पट्टी) काळी दोन. पांढरी चारला चढवला की तिसऱ्या गाण्यालाच कोरसचे गळे बसतात, आणि दादांच्या गाण्यात कोरस म्हणजे अर्धे गाणे. कडव्याचा शेवटचा शब्द पूर्ण ऐकू आल्यावरच धृपद उचलावे. घाई केली तर यमक गिळले जाते. त्यांचा टोला नेमका यमकातच असतो.

मेच्या उन्हात ढोलकीचे पान (तोंडावरचे कातडे) ताणून तिचा स्वर चढतो. ती बंद गाडीत ठेवू नये. आल्यावर १५-२० मिनिटे सावलीत राहू द्यावी, मगच सुरात लावावी. तापलेली पिळली तर पान फाटते.

गाणी मोबाइलवर बघून नकोत. मोठ्या अक्षरांत कागदावर, एका गाण्याला एक पान. सोयीसाठी शब्द बदलू नयेत.

शेवटचे गाणे माइक बंद करून, फक्त दिमडीवर (छोट्या डफावर). घरी दुखवटा असलेल्यांनीही यावे. गायलाच हवे असे नाही, मागे सतरंजी आहे.