गेट ते पोर्च: चिरे नकोत, दोन पट्ट्या घाल

म्हापसा,
१२ नोव्हेंबर

प्रिय रघू,
सप्रेम नमस्कार.

गेटपासून पोर्चपर्यंत गाडीच्या वाटेवर चिरेच (जांभ्याचे दगड) घालायचे, असं तू आणि वहिनींनी जवळजवळ ठरवलंय. जरा थांबा. भिंतीला चिऱ्यासारखा दगड नाही, पण चाकाखाली तो टिकत नाही. दाब सोसण्याची त्याची ताकद पेव्हर ब्लॉकच्या, म्हणजे फरसबंदीच्या काँक्रीट ब्लॉकच्या, साधारण दशांश. शिवाय सच्छिद्र. जूनपासून चार महिने पाणी पिऊन बसतो, वर शेवाळ चढतं, आणि उभ्या गाडीचं स्टिअरिंग वळवलं की टायर वरचा थर खरवडून काढतो.

बाकीचे पर्याय झटपट सांगतो. डांबर सोडून दे. एवढ्याशा कामाला हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचं मिश्रण) परवडत नाही आणि साचलेलं पाणी डांबर खडीपासून सोडवतं. सलग काँक्रीट तीव्र चढावर ठीक, तुझ्याकडे तसा चढ नाही. सुट्या खडीत पाणी मुरतं, पण तुमच्या घरात दोन स्कूटर: पुढचं चाक घसरणार, स्टँड रुतणार, आणि माडाची चुडतं न् पानं वेचत बसावं लागणार. गवताचे जाळीदार ब्लॉक उन्हात चालतात. तुझ्या गेटवर फणसाची सावली, तिथे गवत धरणार नाही, भोकांत चिखल तेवढा राहील.

म्हणून माझं मत: चाकांपुरत्या पेव्हरच्या दोन पट्ट्या, मध्ये माती मोकळी. तुझी वाट १२ मीटर लांब, ३ मीटर रुंद. एका दिवसात १०० मिमी पाऊस पडला (आणि आपल्याकडे तो पडतोच) तर एवढ्या जागेवर ३,६०० लिटर पाणी येतं. सगळं फरसबंद केलंस तर ते उतरणीने थेट पोर्चच्या पायरीशी.

पट्टी ६० सें.मी. रुंद, दोन्हींच्या मध्यांत दीड मीटर अंतर, म्हणजे मधला पट्टा ९० सें.मी.चा. हे ९ मीटरपर्यंत. पोर्चसमोरचे ३ मीटर पूर्ण रुंदीत भर, कारण गाडी तिथे वळते. एकूण २० चौरस मीटर. २०० बाय १०० मिमीचे ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात. तुटफूट आणि राखीव धरून १,०८० माग. राखीव खरोखरच ठेव, नारळ पडून एखादा फुटला तर पुढे त्याच रंगाचा मिळत नाही.

जाडी ६० मिमी, ग्रेड (काँक्रीटच्या ताकदीचा दर्जा) एम-३५ च्या खाली नको. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दुकानात मोहात पाडतात, पावसात साबणासारखे होतात. मशीनवर दाबून केलेले खरखरीत घे. घेण्याआधी तीन ब्लॉक घरी आण, ओव्हनमध्ये किंवा निदान दोन दिवस कडक उन्हात वाळवून वजन कर, २४ तास पाण्यात बुडवून, पुसून पुन्हा कर. सरासरी वाढ ६ टक्क्यांवर गेली तर ट्रक परत पाठव.

आता खरं काम, जे नंतर दिसणार नाही. पट्ट्यांसाठी ८० सें.मी. रुंद चर काढ, खोली २४ सें.मी.: १५ खडी, ३ वाळू, ६ ब्लॉक. तळाला चिकट माती लागली तर जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) अंथर, नाहीतर चिखल खडीत वर चढतो. खडी ४० मिमीपासून बारीकपर्यंत मिसळलेली, ७५ मिमीचे दोन थर, प्रत्येकावर पाणी शिंपडून प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे थर दाबून बसवणारं यंत्र. साधारण पावणेदोन ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागेल. मेस्त (गवंडी) म्हणेल, ‘वाळूने लेव्हल करतो.’ करू देऊ नकोस. खळगे खडीतच भरायचे. वाळू जिथे जाड, तिथेच चाकोरी पडते. वाळू जाडसर क्रश सँड (दगड फोडून केलेली) हवी, क्वारीची डस्ट (खाणीतली दगडाची भुकटी) नको. डस्ट पाणी धरते आणि चाकाच्या दाबाने सांध्यांतून वर येते.

कडेला काँक्रीटचा बांध हवाच, पृष्ठभागाच्या थोडा खाली राहणारा, म्हणजे दिसत नाही. तो नसेल तर ब्लॉक बाहेर सरकतात आणि सांधे उघडतात. ओतण्याआधी ब्लॉकची एक आडवी ओळ कोरडी मांडून नेमकं माप घे, कापाकापी वाचते. पूर्ण भरलेल्या भागात हेरिंगबोन (नागमोडी, एकमेकांना काटकोनात) मांडणी कर, चाक वळताना तीच हलत नाही. सांधा २ ते ४ मिमी. बारीक कोरडी वाळू झाडूने भरायची, कॉम्पॅक्टर फिरवायचा, पुन्हा भरायची. सिमेंट अजिबात ओतू नये, सांधे तडकतात. पुढे शेवाळ आलं तर कडक झाडू पुरे. प्रेशर वॉशरने सांध्यातली वाळूच उडते.

मधल्या पट्ट्यात माती ब्लॉकपेक्षा २ सें.मी. खाली ठेव. वहिनींना चिरे हवेच असतील तर ते इथे घाल: दर ३ मीटरला आडवे, मातीच्या पातळीला पुरलेले. पाण्याचा वेग मोडतो, माती वाहून जात नाही. पोर्चसमोर १५ सें.मी. रुंद जाळीचं गटार, तिथून शोषखड्ड्यात. आणि चर उघडे असतानाच ११० मिमीचा रिकामा पीव्हीसी पाइप आडवा टाकून ठेव. उद्या नळ किंवा केबल न्यायची झाली तर सगळं उखडावं लागणार नाही.

खणायला आताच घे. चवथीला गाड्या आत येतील तोवर एक पाऊस खाऊन सांधे बसलेले असतील.

एक काम मात्र आधी कर. पोर्चजवळ ३० सें.मी.चा चौकोनी खड्डा खण, एकदा पाणी भरून मुरू दे, पुन्हा भर आणि किती मिनिटांत रिकामा होतो ते कळव. शोषखड्ड्याचं माप त्यावरूनच काढता येईल.

तुझा,
विनायक