रुपिन खिंड ट्रेक : निघण्यापूर्वी वाचा

सर्व सदस्यांना नमस्कार,

६ जूनला सकाळी ठीक साडेसहाला देहरादून रेल्वे स्थानकाबाहेर जमायचे आहे. मसुरी, पुरोला, मोरी, नैटवाडमार्गे धौला गाठायला अख्खा दिवस जातो, त्यामुळे उशिरा येणाऱ्यांसाठी गाडी थांबणार नाही. पुढे सेवा, जिस्कुन, झाका ही गावे आणि खिंड ओलांडून हिमाचलातील सांगला.

- फिटनेस प्रमाणपत्र आणि ओळखपत्राची मूळ प्रत सोबत हवीच.
- खिंड सुमारे ४,६५० मीटरवर आहे. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे असे काहीही वाटले तर लगेच लीडरला सांगा. 'सकाळपर्यंत बघू' म्हणून लपवू नका. त्रास वाढला तर खाली उतरणे हाच खरा उपाय, आणि तो निर्णय लीडरचा असेल. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरचे औषध) स्वतःच्या मनाने सुरू करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.
- खिंडीच्या दिवशी पहाटे अंधारातच निघू. ऊन चढले की घळीतला बर्फ भुसभुशीत होतो आणि पाय खोल रुततात. हेडटॉर्च आणि जादा सेल विसरू नका.
- बूट नवे कोरे नकोत. आतापासून वापरून पायाला बसवा.
- झाका हे वाटेवरचे शेवटचे गाव. गावांत परवानगीशिवाय देवळात शिरू नका, माणसांचे फोटो काढू नका. मुलांना चॉकलेटे वाटणे तर बंदच. त्यांचे कागद नंतर आपल्यालाच वेचावे लागतात.

घरच्यांना आधीच सांगून ठेवा, वाटेत फोन लागेलच असे नाही.