अर्ध्या हॉर्सपॉवरचं मशीन : ऊर्जामंत्र्यांना खुले पत्र

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स.न.वि.वि.

विषय आजारपणाचा आहे, तरी पत्र आरोग्यमंत्र्यांऐवजी तुम्हालाच लिहिते आहे. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांना लागणारा ऑक्सिजन विजेवर तयार होतो, आणि वीज तुमच्या खात्याकडे आहे.

फुप्फुसं कायमची कमजोर झाली की बसल्या जागीही रक्तात ऑक्सिजन पुरेसा उतरत नाही. डॉक्टर याला क्रॉनिक रेस्पिरेटरी फेल्युअर म्हणतात. आजार स्थिर असतानाही ऑक्सिमीटरवरचा आकडा 88 टक्के किंवा त्याखाली राहिला, किंवा धमनीतल्या रक्ताच्या तपासणीत ऑक्सिजनचा दाब 55 मिमी (पारा) किंवा त्याहून कमी आला, की घरी ऑक्सिजन लावायला सांगतात. उमेदीची वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाया, विडी ओढणारे, खडी क्रशरवर राबलेले, टीबी बरा होऊनही फुप्फुसावर व्रण राहिलेले, अशी ही माणसं. माझी आई चुलीवाल्यांपैकी. उज्ज्वला योजना 2016 मध्ये आली. तोवर धुराने आपलं काम उरकलं होतं.

घरचा ऑक्सिजन म्हणजे हल्ली कॉन्सन्ट्रेटर. खोलीतली हवा आत घ्यायची, तिच्यातला नायट्रोजन आतल्या दाणेदार झिओलाइटमध्ये अडकवायचा आणि उरलेला ऑक्सिजन नळीवाटे नाकाशी सोडायचा, एवढंच त्याचं काम. मिनिटाला 5 लिटरचं साधं मशीन 300 ते 350 वॅट खातं. ते दिवसाचे किमान 15 तास चालवावं लागतं. रोजचे पाच युनिट धरा, महिन्याला दीडशे. ज्या घराचा वापर 80-90 युनिटांत आटोपत होता ते घर आता शंभराचा टप्पा ओलांडतं, आणि त्यापुढच्या प्रत्येक युनिटला जवळपास दुप्पट पैसे मोजतं. घरात एसी नाही, गिझर नाही, पण बिलावर आम्ही सुखवस्तू ग्राहक ठरतो!

मग घराघरांत काय होतं? मशीन बंद ठेवलं जातं. “आता बरं वाटतंय, राहू दे थोडा वेळ,” असं आजारी माणूसच म्हणतो, कारण बिल त्यालाही दिसतं. इथेच घात होतो. ब्रिटनमध्ये 87 रुग्णांवर झालेल्या आणि 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज 15 तास ऑक्सिजन घेणाऱ्या 42 जणांपैकी पाच वर्षांत 19 दगावले. न घेणाऱ्या 45 पैकी 30. त्याआधीच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या अभ्यासात फक्त रात्री ऑक्सिजन घेणाऱ्यांतलं मृत्यूचं प्रमाण दिवसरात्र मिळून बहुतेक वेळ घेणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघालं. वीज वाचवायला मशीन बंद ठेवण्याचा अर्थ तो आहे. धाप कमी झाली म्हणजे रक्तातला ऑक्सिजन भरला असं नाही.

उलटा प्रकारही घडतो. लाइट येताच “भरपाई” म्हणून मशीनवरची ऑक्सिजनचा प्रवाह दाखवणारी गोळी दोन लिटरवरून चारवर नेतात. सीओपीडीच्या, म्हणजे धुराने किंवा विडीने श्वासनलिका कायमच्या आकसलेल्या, अनेक रुग्णांत जास्त ऑक्सिजनमुळे रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. डोकं दुखतं, गुंगी येते. सहसा ऑक्सिमीटर 88 ते 92 च्या दरम्यान राहणं त्यांच्यासाठी ठीक असतं. हे घरी येऊन शिकवणं आरोग्य खात्याचं काम, त्यांना वेगळं लिहीन.

तुमच्याकडे मागणं असं. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर अशा घरांची वीज ग्राहक म्हणून स्वतंत्र नोंद करा. मशीनचे युनिट वरच्या टप्प्यात मोजू नका. दुरुस्तीसाठी लाइन बंद ठेवायची असेल तर त्या घराला आदल्या दिवशी फोन जावा, नुसता मेसेज नको. आईला मेसेज वाचता येत नाही. डीपी जळाली तर कोणत्या घरात ऑक्सिजन चालू आहे हे वायरमनच्या हातातल्या यादीत असावं. थकबाकीसाठी कायद्याने 15 दिवसांची नोटीस आहेच, पण या घरांची जोडणी तेवढ्यावर तुटू नये.

इन्व्हर्टर घ्या, असं कुणी सुचवेल. दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी हे मशीन तीन-साडेतीन तास ओढते. वादळात खांब पडला तर काय? दीड घनमीटरचा बी टाइप सिलिंडर मिनिटाला 2 लिटरने बारा तास पुरतो. असे भरलेले चार सिलिंडर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात राखून ठेवायचे तर दोन खात्यांनी एकदा एकत्र बसावं लागेल, बस्स.

पैसा कुठून, हा प्रश्न येणारच. वीज कायदा 2003 च्या कलम 65 नुसार राज्य सरकार कोणत्याही ग्राहक वर्गाचं अनुदान आगाऊ भरून सवलत देऊ शकतं. कलम 62(3) मध्ये वीज कशासाठी लागते हे पाहून दर वेगळे ठेवायची मुभा वीज नियामक आयोगाला आहे. 2024 पासून साडेसात हॉर्सपॉवरपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज मिळते. ती मिळावीच, आम्हीही शेतकऱ्याच्याच घरचे. आमचं मशीन अर्ध्या हॉर्सपॉवरचंही नाही. इंग्लंडमध्ये घरच्या कॉन्सन्ट्रेटरच्या विजेचा खर्च सरकारी आरोग्यसेवेमार्फत परत मिळतो. आपल्याकडे महात्मा फुले योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरचा खर्च उचलते. घरातलं मशीन आणि त्याची वीज ज्याची त्याने बघायची. म्हणजे माणूस घरी सावरला तर खर्च त्याचा, ढासळून रुग्णालयाच्या खाटेवर आला तर सरकारचा.

एप्रिल-मेमध्ये वळवाचा वारा सुटला की तारा तुटणार, लाइट जाणार. त्याआधी नोंदणीचा अर्ज निघावा आणि तो कोणत्या कार्यालयात द्यायचा हे कळावं. आईची चिठ्ठी आणि रक्ताचा रिपोर्ट माझ्याकडे तयार आहे.

आपली,
एक घरगुती वीज ग्राहक