समुद्राला वाळू परत देण्याचा खर्च कुठल्या खात्यात लिहायचा?

माननीय मंत्री महोदय,
बंदरे विभाग, महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

नाशिकच्या माणसाने समुद्रकिनाऱ्याबद्दल पत्र लिहावं, याचं तुमच्या कार्यालयात थोडं हसू होईल. आमची पाण्यावरून भांडणं होतात ती जायकवाडीशी, समुद्राशी नाही. पण मी पंचवटीत राहतो आणि माझं पोट कोकणावर चालतं. दोन मिनीबस आहेत. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या तीन हंगामांत नाशिक, सिन्नर, निफाडकडची कुटुंबं घेऊन डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत फिरतो. कुठल्या गावची पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, किती उरली, हे माझ्या बुकिंगच्या वहीत लगेच उमटतं.

एका गावाचं सांगतो. नाव मुद्दाम देत नाही, आधीच तिथल्या लोकांचं बरंच नुकसान झालंय. बारा-तेरा वर्षं आम्ही तिथे एकाच घरी उतरायचो. मागच्या दाराने निघालं की सुरूच्या झाडांतून पायवाट, मग भुसभुशीत वाळू, मग ओली घट्ट वाळू आणि मग पाणी. पोरं जेवायलासुद्धा वर यायची नाहीत. पुढे दोन-तीन पावसाळ्यांत समुद्र आत आला, सुरूची मुळं उघडी पडली, झाडं आडवी झाली. गावाने अर्ज केले, निधी आला आणि काळ्या दगडांचा धूपप्रतिबंधक बंधारा उभा राहिला. आता पायवाट संपते तिथे दगड सुरू होतात आणि भरतीला पाणी थेट दगडांवर आपटतं. गेल्या खेपेला निफाडच्या एक आजी त्या दगडांपाशी काठी टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "भाऊ, पाय कुठं ओले करायचे?" मी त्यांना धरून मागे आणलं. पुढच्या वर्षी त्याच कुटुंबाचा फोन आला, "वाळू असलेलं गाव बघा."

म्हणजे त्या घराच्या नऊ खोल्या दोन रात्री रिकाम्या. शहाळेवाला गेला, घोडागाडीवाला गेला, सकाळी टोपलीत सुरमई घेऊन येणाऱ्या बाईंचं गिऱ्हाईक गेलं. घरच्या काकूंना मी फोनवर सांगितलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "घर वाचलं, नाही म्हणणार नाही. पण खोल्यांचं कर्ज फिटायचंय अजून."

मंत्री महोदय, बंधाऱ्याचा खर्च सरकारी वहीत आहे, पै-पैसह. काकूंच्या नऊ खोल्या कुणाच्याच वहीत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे.

मी बंधाऱ्याच्या विरोधात नाही. जिथे लाटा घराच्या जोत्याला लागल्यात, तिथे दगड टाकावेच लागतील. पण दगड जमीन राखतो, पुळण राखत नाही. लाट भिंतीवर आपटून परतताना पायथ्याची वाळू उकरून नेते आणि बंधाऱ्याचं टोक जिथे संपतं तिथे शेजारच्या गावाची धूप वाढते. मग शेजारचं गाव अर्ज करतं. महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा साधारण चौथा हिस्सा धूप होणारा आहे. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारी संशोधन केंद्राने 1990 ते 2018 या काळातला किनारा तपासून काढलेला हा निष्कर्ष आहे. सगळ्या देशाचं प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास. एवढ्या किनाऱ्याला दगड लावत बसलो तर खाणी पुरायच्या नाहीत, आणि पर्यटक दगड बघायला येत नाहीत.

दुसरा मार्ग जगात शंभर वर्षं जुना आहे. गेलेल्या वाळूच्या जागी वाळू टाकायची. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडला 1922-23 मध्ये हे झालं. मायामी बीचची गोष्ट तर हिशेबासाठीच सांगण्यासारखी आहे. 1970च्या दशकात तिथल्या हॉटेलांपुढे पुळण जवळपास उरली नव्हती, भिंती होत्या. 1976 ते 1981 दरम्यान सुमारे 16 किलोमीटर लांबीवर वाळू टाकली, खर्च आला 6 कोटी 40 लाख डॉलर. किनाऱ्यावर येणारी माणसं 1978 मध्ये सुमारे 80 लाख होती, ती 1983 मध्ये 2 कोटी 10 लाख झाली. सगळं श्रेय वाळूला देणं बरोबर नाही, पण वाळू नसती तर एवढी माणसं आलीच नसती.

नेदरलँड्सचं उदाहरण आम्हा नाशिककरांच्या भाषेत सांगतो, कारण घर बांधणारा प्रत्येक माणूस इथे ब्रासचा भाव विचारूनच झोपतो. 2011 मध्ये हेग शहराजवळ त्यांनी एकाच ठिकाणी 2 कोटी 15 लाख घनमीटर वाळू समुद्रातून उपसून टाकली. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा सुमारे 76 लाख ब्रास. ती हळूहळू दोन्ही बाजूंना पसरावी आणि वीसेक वर्षं आजूबाजूच्या किनाऱ्याला पुरावी, अशी कल्पना. खर्च सुमारे 7 कोटी युरो, म्हणजे ब्रासला नऊ-साडेनऊ युरो. त्या काळच्या दराने सहाशे रुपयांच्या आसपास! आपल्याकडे पोकलेन लावून चोरीची वाळूसुद्धा त्या भावात मिळत नाही. अर्थात हा भाव त्यांना मिळाला तो प्रचंड प्रमाणामुळे. ड्रेजर, म्हणजे तळाची वाळू उपसणारं जहाज, आणण्याचा आणि पाइपलाइन टाकण्याचा खर्च थोड्या वाळूला तेवढाच लागतो आणि खूप वाळूलाही. म्हणून एकेका गावाचा प्रस्ताव वेगळा केला तर तो महागच दिसणार आणि नाकारला जाणार. पाच-सहा गावांची एक सलग पुळण धरून प्रस्ताव केला तर आकडे बदलतात. शिवाय एका गावात टाकलेली वाळू वाहून शेजारी गेली तर ती सलग हिशेबात वाया जात नाही, शेजारच्याच गावाला मिळते.

"पण वाळू वाहून जाते." हे मला तुमच्याच एका खात्यातल्या निवृत्त अभियंत्याने चहा पिता पिता ऐकवलं. जाते ना! तीन वर्षांत जाते, दहा वर्षांत जाते, कण बारीक असला तर एका पावसाळ्यातही जाते. म्हणूनच मूळ वाळूइतका किंवा किंचित जाड कण निवडायचा असतो. पण वाहून जाणं हा पैसे न देण्याचा मुद्दा कसा होतो? आमच्या दिंडोरी-निफाडचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो, ऑक्टोबरमध्ये गोडी बहार छाटणी करतो, मजूर लावतो, फवारण्या करतो आणि पुढच्या वर्षी तेच सगळं पुन्हा करतो. त्याला कुणी म्हणत नाही की तुझा खर्च वाया गेला, फांद्या परत वाढल्या. तो बागेचा चालू खर्च आहे आणि बाग ही मालमत्ता. पुळणीच्या बाबतीत आपण उलट करतो. मालमत्ता म्हणून ती कुठेच नोंदलेली नाही, म्हणून तिच्यावरचा देखभाल खर्च उधळपट्टी वाटतो. नेदरलँड्सने 1990 मध्ये किनारा आहे तिथेच राखायचं धोरण ठरवलं आणि तेव्हापासून दरवर्षी वाळू टाकतात. रस्त्याला डांबर घालावं तसं.

आता नाशिकचा संबंध. त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उभं राहिलं तर एका बाजूने गोदावरी पूर्वेला निघते, तिथल्याच डोंगरात उगम पावलेली वैतरणा पश्चिमेला, अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. दोन्ही नद्या आपापल्या समुद्राला वाळू पोचवायच्या. आम्ही दोन्हींवर धरणं बांधली, ती हवीच होती. त्यांतल्या पाण्यावर नाशिक जगतं, मुंबईही जगते. पण धरण पाणी सोडतं, वाळू सोडत नाही. गंगापूर धरणाची साठवण मुळात 7,200 दशलक्ष घनफूट होती, गाळाने ती 5,630 वर आली. हा गाळ कुठून तरी कमी झालाय. गोदावरीच्या मुखापाशी आंध्रात समुद्राकडे येणारा गाळ 1970च्या दशकात वर्षाला सुमारे 15 कोटी टन होता, 1990च्या दशकात तो 6 कोटींच्या खाली आला आणि 1976 ते 2001 या काळात त्या त्रिभुज प्रदेशाची निव्वळ 1,836 हेक्टर जमीन समुद्रात गेली. अर्नाळ्याच्या किनाऱ्याच्या धुपीचा दोष मी एकट्या वैतरणेच्या धरणांवर टाकत नाही, खाडीतला रेती उपसा आणि किनाऱ्यावरची बांधकामंही त्यात आहेत. पण वरच्या गावाने वाळू अडवली तर खालच्या किनाऱ्याला ती उसनी द्यावी लागते, एवढा व्यवहार कळायला अभियंता लागत नाही.

देशात हे अगदीच नवीन आहे असंही नाही. विशाखापट्टणमला बंदराच्या बांधकामामुळे वाळूची वाट अडली, म्हणून बंदराने उपसलेली वाळू आर. के. बीचवर टाकली जाते. पुदुच्चेरीत 1980च्या दशकाच्या शेवटी बंदराचे बांध झाले, शहरापुढची पुळण गेली, तिथे दगडांची भिंत आली. पुढे 2018-19 मध्ये पाण्याखाली पोलादी अडसर बसवून आणि वाळू टाकून पुळणीचा काही भाग परत मिळवला. आपल्याकडे रत्नागिरीच्या मिऱ्याचा समावेश आशियाई विकास बँकेच्या 2010 मध्ये मंजूर झालेल्या किनारा संरक्षण कार्यक्रमात होता. खडकवासल्याची केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन संस्था 1916 पासून आहे आणि अशी कामं करते. धरणातला गाळ मोजणारी 'मेरी', म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, तर आमच्या दिंडोरी रोडवरच आहे. म्हणजे माणसं आहेत. पैशाचंही सांगतो: पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी धूप रोखण्याच्या कामांना राष्ट्रीय आपत्ती शमन निधीतून 1,500 कोटींची शिफारस केली होती. आपल्या राज्याने त्यातून दगड मागितले की वाळू, हे विधिमंडळात सांगावं.

हिशेबात फक्त माझ्यासारखे सहलवाले धरू नका. सिंधुदुर्गात रापण ओढायला पुळण लागते; दगडांवर उभं राहून पन्नास माणसांना जाळं ओढता येत नाही. होड्या वर घ्यायला, मासळी सुकत घालायला पुळण लागते. वेळास-आंजर्ल्याच्या कासविणींना तर दुसरा पर्यायच नाही. आणि इथे एक सावधगिरी: चुकीची वाळू टाकली, ती दाबून घट्ट झाली किंवा नोव्हेंबर ते मे या अंडी घालण्याच्या काळात ड्रेजर चालवला, तर त्यांचंच नुकसान करून बसू. तसंच खाडीच्या तोंडाचा चिखल म्हणजे वाळू नव्हे. बंदरातून उपसलेलं सगळं किनाऱ्यावर ओतायचं ठरवलं तर लोक तुम्हाला शिव्या देतील आणि त्या बरोबर असतील.

आणखी एक अडचण मला दिसते, तीही लिहितो. वाळू आली की किनाऱ्याला चिकटून रिसॉर्ट येतात आणि पुढच्या वेळी त्यांना वाचवायला सरकारी वाळू लागते. ज्याचा फायदा जास्त त्याने वाटा द्यावा. फ्लोरिडात हॉटेलच्या खोल्यांवरच्या करातून किनाऱ्याच्या खर्चाचा काही भाग निघतो. आमच्या गिऱ्हाइकाच्या बिलात खोलीमागे दहा-वीस रुपये त्या पुळणीच्या नावाने लावले आणि ते खरंच त्याच पुळणीवर खर्च झाले, तर मी स्वतः ते गोळा करून देईन. मात्र ते मुंबईच्या तिजोरीत जाऊन बसणार असतील तर एक रुपयाही नको.

तेव्हा मागणी अशी. पुढचा कुठलाही धूपप्रतिबंधक बंधारा मंजूर करताना त्याच जागी वाळू टाकली तर तीस वर्षांत काय खर्च, काय उत्पन्न, हा तक्ता शेजारी लावा आणि त्यात खोल्या, होड्या, रापण, शेजारच्या गावाची धूप हे सगळं धरा. पाच-सहा गावांची एक पुळण प्रयोगासाठी निवडा. आणि त्याआधी, पैसे न लागणारं काम, प्रत्येक पुळणीची रुंदी वर्षातून दोनदा मोजा: पावसाळ्याआधी आणि दिवाळीनंतर. कोकणातला कुठलाही म्हातारा सांगेल की पावसाळ्यात गेलेली वाळू दिवाळीपर्यंत परत येते. किती येत नाही, ते मोजायचंय.

दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी माझी बस त्या नाव न घेतलेल्या गावावरून पुढे जाते. तुमच्या खात्यातला कुणी टेप घेऊन येणार असेल, तर ड्रायव्हरशेजारची सीट राखून ठेवतो. पहाटे पाचला, निमाणी बस स्थानकासमोर.

आपला,
एक सहलवाला, पंचवटी, नाशिक