काका, पॉलिशपेपर कपाटात ठेवून दिलाय

आदरणीय काका,

नाव कुठे यायला नको म्हणालात, म्हणून नुसतं काका.

आधी एक कबुली. घरातली जुनी रायफल ओळखून द्याल का, असं मी तुम्हाला विचारलं होतं. ‘काही पुसू नका, घासू नका, आहे तशीच फोटो काढून पाठवा’ हा तुमचा पहिला निरोप आला, तेव्हा मी कुंद्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी भागाची, उजवी बाजू पॉलिशपेपरने घासत बसले होते. पोराचं तोंड पुसून पाहुण्यांपुढे न्यावं, तशी आजोबांची रायफल चकचकीत करून मगच तुम्हाला दाखवायचा माझा बेत होता. त्या अर्ध्या तासात लाकडावरचा गोल शिक्का निम्मा गेला. तो कारखान्याचा शिक्का होता हे मला मागाहून कळलं. तुम्ही रागावला नाहीत. ‘उरलेला निम्मा तरी राहू द्या’ म्हणालात, आणि लगेच पुढचा प्रश्न : आत काडतूस नाही ना, आणि कागदपत्रं जागेवर आहेत ना? दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत तुम्ही एकही फोटो उघडला नव्हता.

आमच्या घरात ही रायफल ‘दोनशे वर्षांची’ होती. पणजोबांनी ती लढाईत शत्रूच्या हातातून हिसकावली, अशी गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. तुम्ही तिला थेट खोटं म्हटलं नाहीत. फक्त विचारलंत, ‘बोल्ट मागे ओढला की पितळी काडतूस वर येतं ना? दोनशे वर्षांपूर्वी तर गारगोटीच्या ठिणगीवर बार उडायचा.’ बोल्ट म्हणजे काडतूस आत ढकलून नळी मागून बंद करणारा सरकता दांडा. मग ली नावाच्या रचनाकाराच्या बोल्टची वंशावळ सांगितलीत : 1888 ची ली-मेटफर्ड, 1895 ची ली-एनफिल्ड, आणि 1907 मध्ये मंजूर झालेली आखूड नळीची मार्क तीन. म्हणजे शिक्का वाचायच्या आधीच, नुसत्या बांधणीवरून, तुम्ही आमच्या गोष्टीतली बरीच वर्षं कापली होतीत.

शिक्का वाचण्याची तुमची युक्ती मी आता सगळ्यांना सांगत असते. अंधाऱ्या खोलीत टॉर्च समोरून न धरता जवळजवळ आडवा धरायचा, म्हणजे झिजलेली अक्षरंसुद्धा सावलीने उठून येतात. बोल्टच्या दांडीखाली, कुंदा ज्या लोखंडी खोबणीत बसतो तिच्या उजव्या अंगाला आधी मुकुट दिसला, त्याखाली जी. आर., मग एनफिल्ड, 1917, आणि शेवटी तीन उभ्या रेघा व एक चांदणी. तीन रेघा म्हणजे मार्क तीन, पण चांदणी मला शोभेची वाटली होती. महायुद्धात रायफली झटपट तयार व्हाव्यात म्हणून मॅगझीन (काडतुसांची पेटी) बंद ठेवणारी पट्टी, बाजूची लांब पल्ल्याचा नेम धरायची माशी असे भाग वगळले, त्याची ती खूण असल्याचं तुम्ही समजावलंत. जी. आर. म्हणजे पाचवा जॉर्ज. एका ओळीत राजा, कारखाना, साल आणि युद्धाची घाई!

तरी माझं मन भरेना. मी विचारलं, ‘मग ती हिसकावली कधी?’ तुम्ही फोटोतल्या दोन बारीक बाणांवर बोट ठेवलंत, टोकाला टोक लावलेल्या. एकटा बाण सरकारी मालाचा, आणि समोरासमोर टेकलेले दोन बाण म्हणजे माल सरकारी नोंदीतून काढून विकलेला. थोडक्यात, आमच्या पणजोबांनी शौर्य गाजवलं नव्हतं, खरेदी केली होती. आत्याला हे अजून मान्य नाही.

किमतीच्या बाबतीत तुम्ही मला जो धीर धरायला लावलात, त्याचे आभार वेगळे मानायला हवेत. माझा समज साधा होता : जितकी जुनी तितकी महाग. पण या जातीच्या रायफली लाखांनी बनल्या. वयापेक्षा मूळ भाग किती शाबूत आहेत, यावर भाव ठरतो. पट्टी, बाजूची माशी असे पुढे वगळलेले सगळे भाग असलेली 1914 ची रायफल संग्राहक माझ्या 1917 च्या रायफलीपेक्षा आधी उचलतील. आणि क्रमांक! ॲक्शन (बोल्ट सरकतो तो लोखंडी सांगाडा), नळी, बोल्टची दांडी, नळीच्या टोकाशी असलेली पुढची टोपी, सगळीकडे एकच आकडा हवा. माझ्या बोल्टवरचा जुळत नाही. मी किमतीच्या काळजीत पडले, तर तुम्ही म्हणालात की किमतीचं नंतर. दुसऱ्या रायफलीचा बोल्ट या नळीत काडतूस नीट धरतो की नाही, हे जाणकाराने मापल्याशिवाय कुणी गोळी भरायची नाही. नळीत डोकावल्यावर आट्यांवर, म्हणजे आतल्या पिळदार खाचांवर, खड्डे दिसले. जुन्या काडतुसांच्या बुडाशी बार पेटवणारी जी टोपी असते, तिच्यातलं मीठ मागे राहिलं की असं होतं, आणि ते तेलाने जात नाही, पाण्याने जातं. म्हणून शिपाई नळीत उकळतं पाणी ओतायचे. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या फक्त तेल ओतलं गेलं.

मध्ये एकदा मला जाणकार झाल्याचा भास झाला होता, तेही लिहून टाकते. विकायला आलेल्या एका रायफलीवर व्ही. आर. आणि 1907 असा शिक्का पाहून मी तुम्हाला उत्साहाने कळवलं, ‘व्हिक्टोरियाच्या काळातली मिळतेय!’ तुमचं उत्तर एवढंच होतं : ‘राणी 1901 मध्ये वारली.’ मग फोटो मोठा करून पाहिला. एनफिल्डमधला एन उलटा होता. खैबरच्या बाजूचे कारागीर इंग्रजी न वाचता शिक्क्यांची अशी नक्कल करत आले आहेत, हे तुम्ही नंतर सांगितलंत. ती रायफल मी घेतली नाही. आणि अशी बनावट रायफल उडवून पाहायचीसुद्धा नाही, तिच्या लोखंडाचा भरवसा नसतो, ही ताकीद माझ्या लक्षात आहे.

या सगळ्याचे तुम्ही पैसे घेतले नाहीत, माझी रायफल मागितली नाहीत, ‘मला द्या, मी विकून देतो’ असंही एकदा म्हणाला नाहीत. मला आधी भेटलेल्या दोघांनी पहिल्याच वाक्यात तेच म्हटलं होतं.

तुम्ही सांगितलेलं सगळं मी कागदावर उतरवलंय, सालासकट आणि न जुळणाऱ्या क्रमांकासकट. निम्म्या पुसलेल्या शिक्क्याच्या नोंदीखाली माझं नाव आणि तारीखही लिहिली आहे, म्हणजे पुढच्या माणसाला तो कुणी घालवला हे कळेल. बोल्टचं मापन झालं की आकडे पाठवते.

तुमची,
घासणारी पुतणी