फासा पडल्यानंतर

प्रिय बाळ्या,

इतके दिवस पत्र नाही म्हणून चिडला असशील, चीड. माझी तब्येत ठीक, गुडघाही बरा आहे. आज लिहायला बसलो कारण जे झालंय ते दुसऱ्या कुणाला सांगितलं तर "अरे, खेळच आहे ना तो" एवढंच ऐकायला मिळेल.

आपल्या डन्जन्स अँड ड्रॅगन्समधला माझा फायटर, माझा तो लढवय्या, मरायला हवा होता आणि मेला नाही.

आमची टोळी पळत होती, मी पुलावर एकट्यानं ट्रोल, तो दांडगा राक्षस, अडवून धरला होता. हिट पॉइंट, म्हणजे अंगातला जीव, शून्यावर आला आणि आडवा झालो. पहिला डेथ सेव्ह, जगतो की मरतो याचा फासा, हुकला. मग ट्रोलची पाळी. बेशुद्ध पडलेल्याला जवळून वार लागला की तो क्रिटच, म्हणजे जबर वार, आणि त्याची दोन अपयशं धरतात, हे तुला काय सांगायचं? म्हणजे लागला तर आधीचं एक धरून तीन, मी संपलो. वकिलाच्या भावानं (हल्ली तोच डीएम असतो, खेळ तोच चालवतो) स्क्रीनच्या आडोशामागे दोन फासे टाकले, त्यातला मोठा आकडा धरायचा. मी त्याला खेटूनच बसलो होतो. एकावर १९ पडले होते. माझा एसी १६, म्हणजे वार लागायला सोळा पुरे. त्यानं फासे उचलले आणि म्हणाला, "हुकला!"

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! उपचार करणाऱ्या क्लेरिकनं धावत येऊन मला उठवलं, पिंट्यानं आनंदाच्या भरात नकाशावर पाणी सांडलं, नेहमीप्रमाणे. मी गप्प बसलो. त्या पोरानं माझ्यावरच्या मायेनंच केलं ते, मला कळतं. पण तेव्हापासून तो फायटर मला माझा वाटत नाही.

आता तू म्हणशील, "बघ, मी सांगत होतो, नियम आणि फासा सोडून डीएमच्या मर्जीवर जायचं नाही." थांब जरा. मी अजूनही माझ्याच बाजूला आहे, पुस्तकापेक्षा समोरचा माणूस मोठा. ग्रॅपलच्या, म्हणजे धरपकडीच्या, त्या एका नियमासाठी तू भर लढाईत पुस्तक उघडून बसलास आणि सगळ्यांना झोप आली, ते मी विसरलेलो नाही. जिन्यावर तेल ओतून पहारेकरी घसरवायची माझी युक्ती "पुस्तकात नाही" म्हणून तू उडवून लावलीस, तेही नाही. पुस्तकात नसणारच! १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांनी या खेळाच्या पहिल्या तीन छोट्या पुस्तिका काढल्या, त्यात इतक्या जागा मोकळ्या होत्या की प्रत्येक टेबलावर वेगळाच खेळ व्हायचा. त्या मोकळ्या जागांसाठीच तर समोर माणूस बसवायचा. माणूस नको असेल तर बुद्धिबळ आहेच.

पण तूच एकदा त्या प्रशियन लोकांची गोष्ट सांगितली होतीस, ती आठवतेय. राइसविट्झचा युद्धखेळ १८२४ चा, तक्ते आणि फाशांचा. पुढे १८७६ मध्ये व्हर्डीनं ते तक्तेच बाजूला ठेवले आणि निकाल पंचाच्या अनुभवावर सोपवला. तेव्हा मी ती गोष्ट तुझ्याच विरुद्ध वापरली होती. आता वाटतं, त्यांचे पंच खरी लढाई पाहिलेले अधिकारी होते. तोफ किती माणसं पाडते हे त्यांना फाशापेक्षा जास्त कळत होतं. ट्रोल कुणी पाहिलाय? वकिलाच्या भावानं? त्याचा सोटा लागला की नाही, हे सांगायला आपल्याकडे फाशाशिवाय कुणीच नाही.

आणि त्याच्या हातात काय नव्हतं! फासा टाकायच्या आधी ट्रोलला मला ओलांडून इतरांमागे धावू द्यायचं. मला खांद्यावर टाकून गुहेत न्यायचं. पूलच मोडायचा. यातलं काहीही केलं असतं तर मी त्याला मिठी मारली असती. पण फासा टाकला याचा अर्थ, "हे मी ठरवणार नाही" असं त्यानं सगळ्यांसमोर कबूल केलं. मग पडलेलं पुसायचं कसं? २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डमध्ये तर गेम मास्टर फासे टाकतच नाही, आपला फासा फसला की पुढे काय ते तो ठरवतो. तिथे त्याला भरपूर मोकळीक आहे आणि खोटं बोलायची वेळच येत नाही. तू त्या खेळाला नाकं मुरडायचास, आता एकदा खेळून बघ.

त्याला एकट्याला गाठून सांगावं म्हणतो की माझ्यावरचे वार उघड्यावर टाक. पण नवा आहे, रात्र रात्र जागून तयारी करतो. त्याचं मन मोडेल का? तू त्याच्या जागी असतास तर तुला चाललं असतं का?

नवी नोकरी कशी आहे? थोरलीची परीक्षा झाली असेल. वहिनींना नमस्कार. घर लागलं की पत्ता कळव.

आणि एक विचारायचंय, यासाठीच खरं तर झोप उडालीय. कोळ्यांच्या गुहेत माझी विझार्ड, ती जादूगारीण, वाचली होती ना? विषाचा वार, तूही तेव्हा स्क्रीनमागेच टाकला होतास आणि बराच वेळ फाशाकडे बघत राहिला होतास. इतकी वर्षं ती गोष्ट मी लोकांना सांगत आलोय. तेव्हा काय पडलं होतं, बाळ्या? जे असेल ते सांग.

तुझा,
दादू