पै आणि पावल्या

मिरज, आषाढ वद्य पंचमी

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप आईने वाचून दाखवला. "माळ्यावरचं कॅसेटचं खोकं बाबांना आता टाकून द्यायला सांग, घर पाडायच्या वेळी घोळ नको." बरोबर आहे तुझं. दिवाळीनंतर बिल्डरची माणसं येतील तेव्हा माझ्या हातून काहीच व्हायचं नाही. म्हणून खोकं मी उतरवलं. टाकलेलं मात्र नाही. का, ते फोनवर सांगायला गेलो तर तू "बाबा, मीटिंग आहे" म्हणतेस आणि माझं निम्मं पोटातच राहतं. तेव्हा पत्र.

गेल्या वर्षी आम्ही तुमच्याकडे अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसला आलो होतो. एकदा भाजी आणायला निघालो असताना गाडीत एक गाणं लागलं. साधी गिटार आणि एक मुलगी. मागे पुरुषांचे आवाज हलका सूर धरून. आवाज किंचित कापरा, शिकवलेला नसावा असा, पण जागच्या जागी. आई म्हणाली, "ही घरात गातेय असं वाटतंय." तू म्हणालीस, "अगं, इथलीच आहे. पेनी अँड द क्वार्टर्स." आणि पार्किंग शोधायला लागलीस. विषय तिथेच संपला.

माझा संपला नाही. पेनी म्हणजे त्यांची पै आणि क्वार्टर म्हणजे पावली. पै आणि पावल्या! आपल्याकडे कुणी असं नाव ठेवलं असतं तर पहिल्याच कार्यक्रमाला लोकांनी सुटे पैसे फेकले असते. पण नाव डोक्यात बसलं, आणि निवृत्त माणसाला रात्री काय उद्योग असतो? वाचत गेलो.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. तुमच्या गावात हार्मोनिक साउंड्स नावाचा एक स्टुडिओ होता आणि त्याच्या आधाराने चाललेलं प्रिक्स नावाचं इवलंसं लेबल, म्हणजे तबकड्या काढणारी कंपनी. डेट्रॉइट तुमच्यापासून गाडीने तीन-साडेतीन तासांवर, तिथे मोटाउन या बड्या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना धडाडत होता. दुसऱ्या अंगाला सिनसिनाटी, तिथे किंग रेकॉर्ड्स, प्रसिद्ध गायक जेम्स ब्राउन 1971पर्यंत त्यांचाच. या दोन धेंडांच्या मध्ये कोलंबसची पोरं आपापल्या गल्लीत सोल, म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीयांचं चर्चमधल्या भजनातून आलेलं गाणं, गात होती. गावातलाच कुणी पदरचे पैसे घालून छोट्या तबकड्या काढायचा आणि रेडिओवाल्यांच्या दारात जाऊन उभा राहायचा. बिल मॉस नावाचा गृहस्थ तर स्वतःच रेडिओवर बोलणारा, त्याने कॅपसोल नावाचं लेबल काढलं. कोलंबस म्हणजे ओहायोच्या राजधानीचं गाव, म्हणून कॅपिटलमधलं कॅप, पुढे सोल. त्याच्याकडे एक चौकडी होती, तिचं नाव जॉन्सन, हॉकिन्स, टेटम अँड डर. गाणाऱ्यांचं नाव की वकिलांची फर्म? पण हसू नकोस. चौघांची आडनावं तबकडीवर छापलेली, पन्नास वर्षांनीही त्यांना कुणी हरवू शकत नाही.

पेनीचं उलटं झालं. पेनी आणि तिच्या साथीदारांनी 'यू अँड मी' हे गाणं एकदा नमुना म्हणून टेपवर भरलं आणि ते तसंच राहिलं. तबकडी निघाली नाही, रेडिओवर लागलं नाही. मला विचारशील तर तेव्हा निघालं असतं तरी कुणी उचललं नसतं. ते ऐकताना वीस वर्षं मागचं वाटतं. कोपऱ्यावर उभं राहून पोरं गायची तो जमाना सरून गेला होता आणि बाकी सगळे ब्रासची, म्हणजे पितळी वाद्यांची, भरगच्च साथ घेत होते.

प्रिक्स लेबल चालवणाऱ्यांपैकी क्लेम प्राइस वारल्यावर त्याच्या घरातलं सामान विकायला काढलं. तुमच्याकडे ती पद्धत आहे ना, मेलेल्या माणसाची चीजवस्तू मांडून ठेवतात आणि परके लोक घरात फिरून भाव करतात. (आईला हे ऐकून कसंसंच झालं. मी म्हटलं, आपल्याकडे भंगारवाला किलोवर नेतो, तेही बघ.) त्या सामानात टेपा होत्या. त्या पोचल्या शिकागोच्या न्यूमेरो ग्रुपकडे. 2003 साली सुरू झालेली ही मंडळी बुडालेली छोटी लेबलं शोधतात, टेपा साफ करतात, गाणाऱ्यांना किंवा त्यांच्या वारसांना गाठतात आणि मग संग्रह काढतात. पहिला संग्रह त्यांनी कॅपसोलचाच काढला, म्हणजे तुमचं गाव त्यांना आधीपासून पाठ. 2007 मध्ये प्रिक्सचा संग्रह आला आणि त्यात हे गाणं. पेनी अँड द क्वार्टर्स एवढं नाव होतं, पण ही पेनी कोण, पावल्या कोण, काही कळेना. गाणं लिहिणाऱ्या जे रॉबिन्सनचं नाव तेवढं मिळालं.

पुढे रायन गॉस्लिंग या नटाने ते ऐकलं आणि 'ब्लू व्हॅलेंटाइन' चित्रपटात घ्यायला लावलं. 2010चा चित्रपट. त्यात नायक नायिकेला ते गाणं ऐकवतो, हे कुणाचंच नाही, फक्त आपल्या दोघांचं, म्हणून. लाखो लोकांनी ते ऐकलं, आणि जिने गायलं तिचा पत्ता नाही. रॉबिन्सन 2009 मध्येच गेला होता. एक वर्ष, मनू. एका वर्षाने चुकला बिचारा.

मग गावातल्या वृत्तपत्रांनी हाकाटी केली आणि 2011 मध्ये पेनी सापडली. नॅनी शार्प तिचं नाव. पावल्या म्हणजे तिचे भाऊ. चौघं भावंडं गायला गेली होती आणि घरी परतून आपापल्या संसाराला लागली होती, एवढंच. मला या सगळ्यात तिचं गाणं जितकं आवडतं तितकीच ही गोष्ट आवडते की ती कुठेही हरवली नव्हती. हरवलं होतं ते खोक्यावरचं नाव.

हे आपल्या पूर्वीच्या लोकांना बरोबर कळत होतं. 1902 साली कलकत्त्याला पहिल्या तबकड्या भरल्या तेव्हा गौहरजान गाणं संपता संपता इंग्रजीत आपलं नाव ठणकावून सांगायची. तबकडी छापणार जर्मनीतल्या हॅनोव्हरला, तिथल्या माणसाला काय कळणार कोण गातंय? म्हणून नाव गाण्यातच शिवून टाकलं.

आता आपल्या खोक्याकडे. सदतीस कॅसेट आहेत. तेवीस बाजारातल्या, त्या मी देऊन टाकणार, त्यांची चिंता नको. चौदा आपण भरलेल्या. त्यांच्यावर माझ्या अक्षरात काय लिहिलंय ऐक: "भजन, छान." दुसरीवर "भजन, बरे." तिसरीवर "मिसे." म्हणजे मिसेलेनियस. बँकेत तीस वर्षं दुसऱ्यांच्या पासबुकात एक अक्षर चुकलं तर जीव खालीवर व्हायचा, आणि घरच्या कॅसेटवर ही तऱ्हा.

दोन कॅसेटना बुरशी लागली होती. फितीच्या कडेवर साबुदाण्याच्या पिठासारखा पांढरा थर. तशीच टेपरेकॉर्डरमध्ये घातली असती तर त्यातलं फीत वाचणारं हेडही खराब झालं असतं. चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने पाच स्क्रू काढले, दोन्ही चकत्या अलगद उचलल्या, फीत मऊ कापडात धरून पेन्सिलीने इकडून तिकडे फिरवली, तीनदा. कापडावर तपकिरी रेघ उमटली तेव्हा पोटात गोळा आला, कारण ती रेघ म्हणजे गाणंच की! मग नव्या खोळीत बसवली. एकीचं गादीचं बटण, तो इवलासा स्पंज, गळून पडला होता, तो जुन्या एका कॅसेटमधून काढून चिकटवला. वाजली. आईने चहा टाकला होता तो उतू गेला.

आजीच्या भजनी मंडळाची गुरुवारची बैठक आहे. पेटी, टाळ, आणि आजी मधे "थांबा गं, वर घ्या" म्हणते. तिचा आवाज मी वीस वर्षांनी ऐकला. गौळण रंगात येते आणि खाडकन विविध भारतीवरचं एक सिनेमाचं गाणं सुरू होतं. ते माझं कर्तृत्व. कोरी कॅसेट नव्हती, म्हणून घरातलं गाणं पुसून बाहेरचं भरलं. चार मिनिटं गेली ती गेली. आईने मला काही म्हटलं नाही, तेच जास्त लागलं.

तर आता रोज दुपारी एक बाजू ऐकतो आणि वहीत लिहितो: कुणाचा आवाज, कुठलं घर, कुठला सण. मंडळातल्या दोघी अजून आहेत, एक ब्राह्मणपुरीत, एक सांगलीला लेकीकडे. त्यांना ऐकवून नावं लिहून घेतोय. सांगलीच्या काकूंना ऐकू कमी येतं, पण हेडफोन लावला तशा त्या स्वतःच गायला लागल्या.

एक आवाज मात्र कुणालाच ओळखू येत नाही. तो "मिसे."वर आहे, दुसऱ्या बाजूला. एकटीच बाई, पेटीसुद्धा नाही, जात्यावरच्या ओव्या म्हणते. गळा असा की मी उठून पंखा बंद केला. आई म्हणते आजीची मिरजेबाहेरची कुणी मैत्रीण असेल, आत्या म्हणते स्वयंपाकाला यायच्या त्या मावशी. तुझ्या चुलत्याला काही आठवत नाही, त्याला कधीच काही आठवत नव्हतं.

फाईल आजच पाठवतो. तिसऱ्या ओवीनंतर मागे एक लहान मूल खोकतं आणि "आजी, पाणी" म्हणतं. ती तू आहेस, यात आईला शंका नाही. तू बोलायला लागलेली आणि डांग्या खोकला झालेला, म्हणजे तुझं तिसरं वर्ष, पावसाळा. ऐकून बघ. त्या बाईंच्या मांडीवर कधी बसली होतीस का, हातात कसल्या बांगड्या होत्या, काहीही आठवलं तर मीटिंग सोडून फोन कर.

तुझा,
बाबा

ता. क. – नवीन सेलोटेप मिळतो तो फितीला चालत नाही. जोडायची खास चिकटपट्टी तुमच्याकडे मिळत असेल तर येताना एक रीळ आण.